तोळाभर शिसं आणि कागदी बशी

शिकारीच्या गप्पा म्हटलं की आपल्याकडे माणसं गालातल्या गालात हसतात. सांगणारा हात पसरून वाघाची लांबी दाखवू लागला, की ऐकणारा मनातल्या मनात ती निम्मी करून घेतो. आज मी ज्या गप्पा सांगणार आहे त्यांत वाघ नाही, मचाणाखाली बांधलेला बोकड नाही, हाकारे नाहीत. त्यांत आहे एक लांबलचक जेवणाचं टेबल, त्याच्या दोन बाजूंना बसलेले दोन पक्ष आणि एक हरीण. तेही बहुतेक वेळा निसटलेलंच.

२००४ ते २०१८ ही चौदा वर्षं मी नोकरीच्या निमित्तानं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात काढली. मोठ्या शहरात नव्हे, राज्याच्या मध्यभागी, डोंगररांगांच्या कुशीतल्या एका लहानशा गावात. पाण्याचे पंप बनवणारा कारखाना होता आणि मी तिथं तपासणी विभागात होते. दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी. टेबलाच्या एका बाजूला बसत ते धनुष्यबाणानं शिकार करणारे, समोर बसत ते रायफलवाले. मी जन्मानं आणि सवयीनं शाकाहारी. माझा पोळीभाजीचा डबा उघडला की दोन्ही बाजूंनी एकदमच आवाज यायचा, ‘अगं, हे तर आमचं हरीण खातं!’ दोन्ही पक्षांचं एकमत होणारा हा एकच मुद्दा होता.

धनुष्यवाल्यांचा पुढारी लेथवर काम करणारा, साठीच्या जवळ आलेला, उंच आणि अबोल माणूस. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं होतं ‘अर्जुन’. रायफलवाल्यांचा म्होरक्या भांडारात होता. आवाज असा, की यंत्रं चालू असतानाही ऐकू यावा. त्याला मी म्हणायची ‘तोफखाना’. दोघे एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. गेली चाळीस वर्षं दोघांचं एकच भांडण चालू होतं आणि ते मिटू नये अशी दोघांचीही मनापासून इच्छा होती.

भांडणाचं मूळ समजायला तिथला हंगाम समजायला हवा. पेनसिल्व्हेनियात हरणाची शिकार वाटेल तेव्हा आणि वाटेल तशी करता येत नाही. पानं रंग बदलू लागली, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराला, धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो. रायफलचा हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर. मी तिथं होते तेव्हा तो त्या सणानंतरच्या सोमवारी उघडायचा, आणि त्या दिवशी गावोगावच्या शाळांना चक्क सुट्टी असायची. पुढं २०१९पासून तो दिवस सोमवारऐवजी शनिवार झाला, तेव्हा जणू दिवाळीच पुढंमागं केली अशा थाटात मला तिकडून फोन आले. नाताळानंतर पुन्हा एक छोटा हंगाम असतो, तो चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीचा. त्याच्याकडे मी नंतर येते.

तर तोफखान्याचं म्हणणं असं, की धनुष्यवाले आधी सहा आठवडे रानात हुंदडून हरणांना शहाणं करून सोडतात आणि मग रायफलवाल्यांच्या वाट्याला नुसत्या शेपट्या येतात. अर्जुनाचं म्हणणं असं, की शंभर पावलांवरून दुर्बिणीतून नेम धरणं म्हणजे परीक्षेत पुस्तक उघडं ठेवून बसणं. मग समोरून उत्तर यायचं, ‘आणि तुम्ही काड्या मारून हरणाला गुदगुल्या करता!’ २००९ साली धनुष्याच्या हंगामात सगळ्यांना क्रॉसबो वापरायला परवानगी मिळाली. क्रॉसबो म्हणजे आडवं बसवलेलं, बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेलं धनुष्य. त्या वर्षी मात्र दोन्ही पक्ष काही दिवस एक झाले. ‘हे ना धड धनुष्य ना धड बंदूक,’ असं दोघांनीही ठरवलं. पुढल्या वर्षी तोफखान्यानंच एक घेतलं. त्यावरून त्याला काय काय ऐकावं लागलं, ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही.

या थट्टामस्करीत मला रस वाटू लागला तो त्यातल्या मोजमापांमुळे. माझा पेशाच मापाचा. हे लोक गोळीचं वजन ‘ग्रेन’मध्ये मोजत. तोफखान्याची लाडकी रायफल ‘थर्टी-ऑट-सिक्स’ची. थर्टी म्हणजे नळीचा व्यास, एका इंचाचे तीस शतांश, आणि सिक्स म्हणजे १९०६ साल, ज्या साली हे काडतूस अमेरिकी सैन्यानं स्वीकारलं. त्यात तो १८० ग्रेनची गोळी वापरी. एकदा मी सहज हिशेब केला आणि थबकलेच. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३३ साली आपला तोळा प्रमाणित केला, तो बरोबर १८० ग्रेनचा! म्हणजे तोफखान्याची गोळी अगदी नेमकी एक तोळा. मी त्याला म्हटलं, ‘आमच्याकडे एवढ्या वजनाचं सोनं लग्नात घालतात.’ तो म्हणाला, ‘आमच्याकडे हरणाला घालतात.’

समोरचा दुसरा रायफलवाला ‘टू-सेव्हन्टी’चा भक्त. हे काडतूस १९२५ सालचं. त्याची गोळी १३० ग्रेनची, म्हणजे पावणेनऊ माशांच्या आसपास, पण वेग जास्त. तोळ्याची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगानं सुटते, ही सुटते साधारण ९३० मीटरनं. जड आणि सावकाश, की हलकी आणि चपळ? या प्रश्नावर त्या टेबलानं वर्षानुवर्षं खल केला. २००७ साली ‘सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर’ नावाचं नवं काडतूस बाजारात आलं आणि तरुण पोरं त्याच्यामागे लागली, तेव्हा कुठं या दोघांना समान शत्रू मिळाला. अर्जुन मधूनच शांतपणे म्हणायचा, ‘हरणाला विचारा, त्याला कुठली आवडते.’

पण नवखा माणूस सल्ला विचारायला आला, की हेच लोक एकदम बदलायचे. काडतुसाचा विषय बाजूला. तोफखान्याचा सल्ला ठरलेला असे. पहिला खर्च बुटांवर कर, दुसरा दुर्बिणीवर आणि उरलेच तर बंदुकीवर. बंदूक आजोबांची चालेल. पाय गारठले की माणूस हलतो आणि हलला की हरीण गेलं. अंगाला सुती कपडा लावू नकोस. चढण चढताना सूत घाम पितं आणि मग बसल्या जागी अंगाशी बर्फ होऊन राहतं. लोकर घे. ती ओली झाली तरी ऊब धरते आणि मुख्य म्हणजे बोलत नाही. नायलॉनचं जाकीट हात हलवला की कुरकुरतं. हे ऐकून एका सुट्टीनंतर मी देशी मेंढीच्या लोकरीची एक काळी घोंगडी नेऊन त्याला दिली. टोचते म्हणून त्यानं आठवडाभर बोंब मारली आणि मग पुढली सगळी वर्षं ती पांघरून तो रानात बसला.

कपडे कशानं धुवावेत यावरही चर्चा व्हायची. हरणाला आपल्यासारखे रंग दिसत नाहीत. तांबडा आणि नारिंगी त्याला फिका, मातकट वाटतो, निळा मात्र लख्ख दिसतो. म्हणून शिकाऱ्यांनी भडक नारिंगी कपडे घालायचे, ते माणसाला दिसतात, हरणाला टोचत नाहीत. रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच नारिंगी कापड अंगावर हवं, चहूबाजूंनी दिसेल असं, हा तिथला कायदा. पण साबणातली ‘शुभ्रता वाढवणारी’ रसायनं निळसर झळकतात आणि ती झळाळी हरणाला दिसते. त्यामुळे धुलाई हा पुरुषांच्या चर्चेचा गंभीर विषय झालेला मी जगात एवढ्या एकाच टेबलावर पाहिला.

वासाबद्दल तर बोलायलाच नको. बाजारात वास मारणारे नाना फवारे मिळतात. तरुण मंडळी ते अंगावर मारून यायची. अर्जुनाच्या खिशात मात्र चिमूटभर पावडरीची एक छोटी बाटली असे. ती दाबायची आणि धूळ कुणीकडे जाते ते बघायचं. वारा आपल्याकडून हरणाकडे असेल तर घरी जायचं. ‘फवारा चाळीस डॉलरचा,’ तो म्हणायचा, ‘आणि उठून दुसऱ्या झाडावर जाऊन बसणं फुकट.’

एका वर्षी कारखान्यात उमेदवारी करायला एक विशी-बाविशीची मुलगी आली. तिनं नवं धनुष्य घेतलं होतं. हल्लीचं धनुष्य म्हणजे आपल्या रामायण मालिकेतलं नव्हे. दोन टोकांना चाकं, त्यावरून फिरणाऱ्या दोऱ्या. मिसुरीच्या एका कारागिरानं १९६६ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि तीन वर्षांनी ते मिळालं. गंमत अशी, की दोरी ओढताना जोर लागतो, पण पूर्ण ओढल्यावर चाकं फिरून भार हलका होतो. ६० पौंडांचं धनुष्य असलं आणि चाकं ८० टक्के भार उतरवत असली, तर हातात उरतात फक्त १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आत. त्यामुळे माणूस स्थिर राहून नेम धरू शकतो.

त्या मुलीनं विचारलं, ‘याचा पल्ला किती?’ टेबल गप्प झालं. मला वाटलं, आता आकडा ऐकायला मिळणार. अर्जुनानं आपल्या पुढ्यातली कागदी बशी उचलली, तिच्यावरचे पावाचे कण झटकले आणि तिला दिली. म्हणाला, ‘ही घरामागं टांग. वीस पावलांवरून मार. सगळे बाण बशीत लागले की पाच पावलं मागं जा. ज्या पावलावर पहिला बाण बशीबाहेर जाईल, त्याच्या पाच पावलं अलीकडे तुझा पल्ला संपला. धनुष्याचा पल्ला त्या दुकानदाराला विचार.’

‘आणि रोजचा पहिला बाण मोज,’ पलीकडून तोफखाना म्हणाला. ‘हात गरम झाल्यावर सगळेच अर्जुन.’ म्हणजे त्याचा शब्द वेगळा होता, अर्जुन हा माझा. ‘रानात पहिलाच बाण असतो.’ मग त्यानं रायफलवाल्यांनाही सोडलं नाही. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावरून नेम मारणारे रानात काय टेबल घेऊन जाणार आहेत? गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, धाप लागलेली असताना मारून बघा, मग सांगा तुमच्या दुर्बिणीची किंमत.

बशीएवढंच का, तर हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं असलेला भाग साधारण तेवढाच असतो. आणि बाणाला एक मोठी मर्यादा आहे. बाण सुटला की दोरीचा आवाज होतो. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, बाण जातो ८५च्या आसपास. वीस मीटरवरच्या हरणाला आवाज पोचल्यावर बाण यायला सुमारे ०.१८ सेकंद उरतात. चाळीस मीटरवर तेच ०.३५ सेकंद होतात. हरीण दचकलं की उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडतं, अंग खाली जातं आणि बाण भलतीकडेच लागतो. नेम चुकलेला नसतो, हरीण जागेवर नसतं. गोळी आवाजाच्या पुढं धावते, तिथं हा प्रश्न नाही. म्हणून अंतर दुप्पट केलं की चूक दुप्पट होते असं नाही, सगळा मामलाच बदलतो. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा अर्जुन बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला आणि मग त्यानं तो घडी करून खिशात ठेवला.

बाण आणि गोळी यांतला दुसरा फरक शिकार लागल्यानंतरचा. बाणाचं पातं वस्तऱ्यासारखं धारदार लागतं, कारण बाण धक्क्यानं मारत नाही, रक्तस्रावानं मारतो. छातीत लागला तरी अर्धा तास जागचं हलायचं नाही, काळजात म्हणजे यकृतात लागला असेल तर चार तास तरी थांबायचं आणि पोटात लागला असेल तर त्याहून खूप जास्त. लगेच मागं धावलं तर जखमी जनावर भीतीनं मैलोगणती पळतं आणि कुठंतरी एकटं, तडफडत मरतं. शांत राहू दिलं तर जवळच बसतं. ‘बाण मारायचा आणि डबा खात बसायचं, वा रे शिकार!’ म्हणून तोफखाना हिणवायचा.

पण एका ऑक्टोबरात संध्याकाळी एका धनुष्यवाल्याचा बाण जरा मागं लागला. रात्री पावसाचं चिन्ह होतं. पाऊस आला की रक्ताचा माग पुसला जाणार. थांबायचं ते थांबून रात्री दहाला पाचजण निघाले, हत्यारं घरी ठेवून, नुसते दिवे घेऊन. त्यांतले तिघे रायफलवाले होते. वाळक्या पानावरचा वाटाण्याएवढा डाग शोधायचा, तिथं एक कागदाचा तुकडा ठेवायचा, पुढचा डाग शोधायचा. हरीण सापडलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. दुसऱ्या दिवशी टेबलावर त्या माणसाची कुणीही टिंगल केली नाही. अर्जुन एवढंच म्हणाला, ‘सापडलं नसतं तरी ते हरीण तुझंच होतं. यंदाचा परवाना तिथंच संपला असता.’ कायद्यात तसं लिहिलेलं नव्हतं. टेबलावर होतं.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगते आहे ती सांगते.

धनुष्यवाले बहुधा झाडावर बांधलेल्या छोट्या फळीवर बसतात. आपलं मचाण, पण पाट ठेवावा एवढंच. पंधरा-वीस फूट उंच. थंडी, अंधार, निसरडी शिडी, तासन् तास एकाच जागी बसून आलेली पेंग. लोकांना वाटतं शिकारीत गोळी लागून माणसं दगावतात. तशीही दगावतात, पण झाडावरून पडणं हा शिकाऱ्यांचा फार जुना आणि फार गप्प शत्रू आहे. त्यावर उपाय साधा. अंगात पट्ट्यांचं जाकीट, त्याची दोरी झाडाला, आणि ती जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीवर येईपर्यंत सोडायची नाही. हत्यार हातात घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीनं ओढून घ्यायचं, बंदूक असेल तर रिकामी.

अर्जुनानं ते जाकीट कधी घातलं नाही. चाळीस वर्षांत पडलो नाही, हे त्याचं उत्तर. तोफखान्यानं त्यावरून त्याला छळ छळ छळलं. ‘तुझं धनुष्य मला मृत्युपत्रात लिहून ठेव’, ‘तुझ्या शवपेटीला नारिंगी रंग देऊ’, काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. अर्जुन ढिम्म. मग एका सप्टेंबरच्या सकाळी अर्जुनाच्या कपाटाच्या कडीला एक कोरं करकरीत जाकीट लटकत होतं. त्यावर चिठ्ठी, ‘तुझ्यासाठी नाही. तुझ्या बायकोला माझ्याकडे रडत यावं लागू नये म्हणून. मला बायका रडलेल्या सोसत नाहीत.’ अर्जुनानं चिठ्ठी वाचली, चुरगाळली, जाकीट काखेत मारलं. दिवसभर बोलला नाही.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी, काळोख पडता पडता, त्याच्या फळीचा पट्टा तुटला. उन्हापावसानं विरला होता, वर खारींनी कुरतडला होता. फळी खाली गेली. अर्जुन गेला नाही. तो झाडाला लोंबकळत राहिला. नुसतं लोंबकळणंही घातक असतं, मांड्यांवरचे पट्टे आवळून रक्त पायांत साठतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून त्या जाकिटात एक जादा पट्टा दिलेला असतो, त्यात पाय घालून भार उचलायचा. हे त्याला ठाऊक कसं? तर तोफखान्यानं जेवणाच्या टेबलावर उभं राहून, पाय हवेत झाडत, ‘असा लोंबशील तू, वाळत घातलेल्या कपड्यासारखा’ म्हणून त्याची नक्कल करून दाखवली होती. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. त्या हसण्यात तो पट्टाही दाखवून झाला होता. अर्जुनानं पाय पट्ट्यात घातला, शिडी पायानं चाचपली आणि खाली उतरला.

सोमवारी तो टेबलावर आला. डबा उघडला. म्हणाला, ‘तू दिलेलं ते जाकीट काखेत काचतं. स्वस्तातलं दिसतंय.’ तोफखान्यानं त्याच्याकडे पाहिलं. अर्जुनाचे तळहात सोललेले होते. मग तोफखाना अगदी हळू आवाजात म्हणाला, मी त्याचा तो आवाज त्यापूर्वी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही, ‘बिल ठेवलंय. परत करायचं असेल तर कर.’ अर्जुन म्हणाला, ‘राहू दे.’ बस्स. आभार नाहीत, गळाभेट नाही. पाच मिनिटांत टू-सेव्हन्टीचं भांडण पुन्हा सुरू झालं. पण तो हंगाम संपेपर्यंत टेबलावरच्या प्रत्येक धनुष्यवाल्याच्या गाडीत एकेक जाकीट दिसू लागलं होतं. वर्षानुवर्षांच्या सूचनापत्रकांनी जे झालं नव्हतं, ते झालं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही शाकाहारी, तुम्हाला या सगळ्यात हरणाचं काहीच वाटत नव्हतं का? वाटत होतं. मी त्यांना विचारलंही. तेव्हा मला कळलं ते असं. एकोणिसावं शतक संपता संपता बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीनं आणि जंगलतोडीनं पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ साली तिथं वन्यजीवांसाठी राज्याचा आयोग स्थापन झाला आणि १९०६पासून दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली. त्याच १९०६ साली तोफखान्याचं काडतूस जन्मलं, हा योगायोग त्याला फार आवडे. लांडगे आणि प्यूमा मात्र संपले ते संपलेच. हरणं वाढली तेव्हा त्यांना खाणारं कुणी उरलं नव्हतं. अति झाली की ती जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात आणि म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी झाडं येत नाहीत. शिवाय १९३७च्या एका कायद्यानं तिथं रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो पैसा वन्यजीव जपण्यासाठी राज्यांना मिळतो. धनुष्यबाणावर हा कर बसवणारा कायदा झाला १९७२ साली. ‘पस्तीस वर्षं फुकटात शिकार केलीत,’ हा तोफखान्याचा हुकमी बाण होता. माझ्या मनात मात्र १९७२ म्हटलं की दुसरंच येई. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि छंद म्हणून करायच्या शिकारीला लगाम बसला. दोन देशांनी एकाच वर्षी दोन वेगळ्या वाटा धरल्या. आपल्याकडची परिस्थिती वेगळी, प्राणी वेगळे, माणसांची दाटी वेगळी. मला आपली वाट बरोबर वाटते. पण त्यांचीही वाट निव्वळ क्रूरपणाची नव्हे, हे मी त्या टेबलावर शिकले. जादा झालेलं मांस गरजूंच्या अन्नछत्रांना देण्याची व्यवस्था त्या राज्यात १९९१पासून आहे आणि आमच्या टेबलावरचं एक तरी हरीण दरवर्षी तिकडं जायचं.

ठासणीच्या बंदुकीचं राहिलंच. माझ्या आजोबांकडे राजापूरकडच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. भातावर डुकरं आली की बार काढायचा, बहुतेक वेळा नुसता आवाजाचाच. दारू मोजून ओतायची, चिंधी, गज घेऊन ठासायचं, केप बसवायची. नाताळानंतरच्या हंगामासाठी तोफखाना आपली चकमकीची बंदूक साफ करत होता, तेव्हा मी म्हटलं, ‘दारू ओतताना तोंड नळीवर धरू नकोस. आमचे आजोबा ओरडायचे.’ सगळं टेबल माझ्याकडे वळलं. चौदा वर्षांत तेवढ्या एका दुपारी मी तिथं सल्ला विचारणारी नव्हते, देणारी होते.

मी निघाले तेव्हा त्यांनी मला एक भडक नारिंगी बिनबाह्यांचं जाकीट दिलं. तोफखाना म्हणाला, ‘हरणांना दिसणार नाहीस. बाकी सगळ्यांना दिसशील.’ आता मी साताऱ्याला असते. पहाटे अंधारात हमरस्त्याच्या कडेनं फिरायला जाते तेव्हा ते घालते. लोक हसतात, रस्त्याच्या कामावरची बाई समजतात. ट्रक मात्र लांबूनच बाजूला होतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)